खुराक कुणाचा? जव्हार-मोखाड्यातल्या धावणाऱ्या मुलांच्या ताटाचा इतिहास

आजच्या भागाचा विषय वाचून काही जण म्हणतील, हा तर आरोग्याच्या कार्यक्रमाचा विषय झाला, इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये कसा आला? प्रश्न असा आहे: पालघर जिल्ह्यातल्या जव्हार किंवा मोखाडा तालुक्यातली चौदा ते सतरा वर्षांची मुलगी किंवा मुलगा रोज पहाटे धावतो, खो-खो खेळतो, कबड्डी खेळतो. त्याने खायचं काय?

इंटरनेटवर याचं उत्तर दोन मिनिटांत मिळतं. ओट्स, ब्रोकोली, पीनट बटर, प्रोटीन पावडर. ते उत्तर मोखाड्याच्या पाड्यावर पोचतं तेव्हा त्यातली एकही वस्तू तिथल्या दुकानात नसते, आणि असली तरी घरच्यांना परवडत नाही. मग मुलांची समजूत होते की खेळाडूचा आहार ही श्रीमंतांची गोष्ट, आपण जे खातो ते गरिबाचं. मला ही समजूत चुकीची वाटते. ती का चुकीची आहे हे सांगायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं. म्हणून हा विषय इथे घेतलाय.

आधी 'खुराक' या शब्दाबद्दल

मराठीत खेळाडूच्या जेवणाला एक खास शब्द आहे, खुराक. तो उच्चारला की डोळ्यांसमोर काय येतं? तालीम, लाल माती, आणि दूध, तूप, बदाम, थंडाई, मटण. ही प्रतिमा आली कोल्हापूरकडून. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, पैलवानांच्या खुराकाची सोय केली, आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. खेळाडूच्या पोटाची जबाबदारी राज्याने घ्यायची, हा विचार महाराष्ट्रात तिथे नीट रुजला. पुढे १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कांस्यपदक जिंकलं. त्यामागे ही सगळी परंपरा होती.

पण या परंपरेमुळे एक घोटाळा झाला. खुराक म्हणजे पैलवानाचा खुराक, असं समीकरण आपल्या डोक्यात बसलं. पैलवानाला वजन आणि ताकद लागते. लांब पल्ल्याच्या धावपटूचं शरीर वेगळं चालतं. त्याला तासन्‌तास पुरणारं इंधन लागतं, आणि ते मुख्यतः धान्यातून येतं. शास्त्रालासुद्धा हे उशिरा कळलं. १९६७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की स्नायूंमध्ये साठलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, जितकी जास्त तितका माणूस जास्त वेळ दमदार व्यायाम करू शकतो, आणि हा साठा पिष्टमय जेवणाने वाढतो. साध्या भाषेत सांगायचं तर भाकरी आणि भात.

आता जव्हार-मोखाड्यातली मुलं कुठल्या खेळात चमकतात ते आठवा. धावणं, क्रॉस कंट्री, खो-खो, कबड्डी. म्हणजे त्यांच्या खेळाला लागणारं इंधन त्यांच्याच वरकस जमिनीत पिकत होतं. होतं, असं म्हणतोय. कारण पुढची गोष्ट ते ताटातून कसं कमी होत गेलं याची आहे.

उतारावरचं ताट

१८८२ मध्ये ठाणे जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर प्रसिद्ध झालं. तेव्हा आजचा हा सलग दिसणारा प्रदेश दोन राज्यांत वाटलेला होता. जव्हार हे मुकणे घराण्याचं संस्थान होतं, आणि मोखाडा हा ब्रिटिश हद्दीतल्या शहापूर तालुक्याचा पेठा होता. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि सगळा भाग ठाणे जिल्ह्यात आला. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला.

राज्यं दोन असली तरी ताट एकच होतं. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या सगळ्यांच्या जेवणाचा कणा म्हणजे नागली आणि वरई. भात खाचरात, आणि नागली-वरई उतारावर. जोडीला उडीद, तूर, कुळीथ, आणि तेलासाठी खुरासणी. पावसाळ्यात रानभाज्या, म्हणजे शेवळं, टाकळा, कुरडू, कर्टुली. ओढ्यातले खेकडे आणि मासे. उन्हाळ्यात मोहाची फुलं आणि बाजारातून आणलेलं सुकट.

नागलीची एक गंमत सांगतो. ही मूळची आपली नाही. ती पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली, इथिओपिया-युगांडाकडची. काही हजार वर्षांपूर्वी भारतात आली आणि सह्याद्रीच्या उतारांवर अशी रुळली की आपण तिला घरची समजतो. केनियाचे धावपटू ज्या डोंगराळ पट्ट्यातून येतात, तिथेही मका येण्याआधी हेच धान्य पिकायचं. २००४ मध्ये केनियाच्या अव्वल धावपटूंच्या जेवणाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या आहारातली सुमारे ७६ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येत होती, आणि त्यात मोठा वाटा मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचा, म्हणजे उगालीचा होता. जोडीला दुधाचा गोड चहा, भाजी, थोडं मांस. पावडरचे डबे त्यात नव्हते.

पण मंडळी, जुनं ताट सोन्याचं होतं असं सांगून मी थांबणार नाही, कारण ते खरं नाही. नागली निघायची दिवाळीच्या सुमारास. होळीपर्यंत कणगीत दाणे असायचे. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी. त्या दिवसांत लोक कडूकंद खणून आणायचे, त्याचे काप करून उकडायचे आणि कडूपणा व विष जावं म्हणून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचे. हे हौसेचं खाणं नव्हतं, भुकेचं होतं. म्हणजे ताटात चांगलं धान्य होतं, पण ते बारा महिने पुरत नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी तिचा उपयोग आहे.

ताट कसं बदललं

पहिला धक्का जंगलाच्या कायद्याचा. १८७८ च्या वनकायद्यानंतर सरकारने जंगल राखीव करायला घेतलं. भात-नागलीच्या रोपांसाठी जमीन भाजायची, म्हणजे राब करायचा, तर झाडांच्या फांद्या आणि पाला लागतो. त्यावरच बंधनं आली. ठाण्या-कुलाब्यात एवढी ओरड झाली की १८८५ मध्ये सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. मोखाडा थेट या कायद्याखाली होता. जव्हार संस्थानात कायदा वेगळा, पण जंगल हे संस्थानाच्याही उत्पन्नाचं साधन होतंच.

दुसरा धक्का मोहाचा. दारूच्या महसुलासाठी १८९२ मध्ये सरकारने खास कायदा करून ठाणे-कुलाब्यात मोहाची फुलं बाळगण्यावर निर्बंध आणले. सरकारला त्या फुलात फक्त दारू दिसली. पाड्यावर ते फूल वाळवून, शिजवून खायचंही होतं. उन्हाळ्यातलं फुकटचं गोड अन्न गुन्ह्याच्या यादीत गेलं.

तिसरी गोष्ट कर्जाची. कणगी रिकामी झाली की सावकाराकडून धान्य आणायचं आणि सुगीला दिढी-दुपटीने फेडायचं. याला म्हणतात खावटी. बघा, खाण्यावरूनच कर्जाचं नाव पडलं. शेजारच्या डहाणू-उंबरगावच्या बाजूला १९४५ मध्ये वारल्यांचा उठाव झाला तेव्हा वेठबिगारीच्या मुळाशी हेच देणं होतं. पुढे १९७८ मध्ये राज्य सरकारने स्वतःच खावटी कर्ज योजना आणली, पावसाळ्यात आदिवासी कुटुंबांची उपासमार होऊ नये म्हणून. आणि २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, ती कुटुंबामागे ४,००० रुपयांच्या अनुदानाच्या रूपात परत आली.

चौथी गोष्ट रेशनची. ती नीट समजून घ्यायला हवी, कारण रेशनने भूक कमी केली हे नाकारता येणार नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो झाला. त्याच कायद्यात भरड धान्य १ रुपया किलोने द्यायची तरतूद होती. पण आपल्याकडच्या दुकानांत आले ते मुख्यतः तांदूळ आणि गहू. स्वस्त तांदूळ दारात आल्यावर उतारावर मरमर करून नागली कोण लावणार? आणि दिवाळीनंतर अर्धा पाडा वीटभट्ट्यांवर भिवंडी-वसईकडे गेल्यावर सुगीनंतरची कामं कोण करणार?

या बदलाचा हिशोब आकड्यात बघू. शंभर ग्रॅम नागलीत साधारण ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पांढऱ्या तांदळात दहाही नसतं. हाडं वाढायच्या वयात ताटातून नागली गेली आणि भात आला, तर पोट भरतं, पण हाडांचा वाटा निघून जातो.

सरकारची नजर कुठे पडली

१९९२ च्या पावसाळ्यात जव्हार तालुक्यातलं वावर-वांगणी हे नाव देशभर पोचलं. तिथे कुपोषणाने बालकं दगावली. त्यानंतर मंत्री आले, अधिकारी आले, योजना आल्या. २०१६ मध्ये मोखाड्यातल्या बालमृत्यूंमुळे पुन्हा तेच झालं. दरम्यान २०१५ मध्ये अमृत आहार योजना सुरू झाली होती. गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एक पूर्ण गरम जेवण, आणि पुढे सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना अंडी किंवा केळी.

हे सगळं आवश्यक होतं. त्याला कुणी नावं ठेवू नयेत. पण या इतिहासाकडे धावणाऱ्या मुलीच्या बाजूने बघा. अंगणवाडी सहाव्या वर्षी संपते. शाळेतला पोषण आहार १९९५ मध्ये पहिली ते पाचवीसाठी सुरू झाला, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलंच अन्न द्या असा आदेश दिला, २००८ च्या सुमारास सहावी ते आठवीची मुलं त्यात आली. आणि आठवीला तो थांबतो. मुलगी नववीत जाते, चौदा वर्षांची होते, पाळी सुरू झालेली असते, उंची वाढत असते, जिल्हास्तरावर तिची निवड होते, आणि नेमकी तेव्हाच दुपारची खिचडी बंद होते.

आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलांचं तसं नाही. तिथे दोन्ही वेळचं जेवण आहे, आहाराच्या तक्त्यात दूध, अंडी, फळं लिहिलेली आहेत. तक्ता पाळला गेला तर ते चांगलं ताट आहे. पण दहावीनंतर शहराच्या वसतिगृहात गेलं की चित्र पुन्हा बदलतं. २०१८ मध्ये तिथल्या खाणावळी बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात देण्याचा निर्णय झाला, तेव्हा आदिवासी विद्यार्थ्यांनी पुणे ते नाशिक असा पायी मोर्चा काढला. मागणी काय होती? आम्हाला पैसे नकोत, जेवण द्या. सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या हातात महिन्याचे पैसे आले की त्यातून आधी पुस्तकं, बसभाडं, घरची नड भागते. पोट शेवटी येतं.

हद्दीपलीकडची मुलगी

मोखाड्याची हद्द ओलांडली की नाशिक जिल्ह्यातला त्र्यंबक-हरसूलचा पट्टा लागतो. तोच डोंगर, तीच नागली. हरसूलजवळच्या सावरपाड्यातून कविता राऊत आली, जिला लोक 'सावरपाडा एक्सप्रेस' म्हणतात. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत १०,००० मध्ये रौप्य आणि ५,००० मध्ये कांस्य. २०१२ मध्ये अर्जुन पुरस्कार, २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन.

तिची गोष्ट सांगताना आपण नेहमी म्हणतो, डोंगर चढून पाणी आणलं, त्यातून दम आला. मला ही गोष्ट अर्धी वाटते. डोंगर तर हजारो मुली चढतात. कविताला नाशिकमध्ये विजेंदर सिंग यांच्यासारखा प्रशिक्षक मिळाला, नियमित सराव मिळाला. कष्ट हे प्रशिक्षण नसतं. अर्धपोटी कष्ट तर शरीर खातात.

याला आता शास्त्रीय आधारही आहे. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने खेळाडूंमधल्या ऊर्जेच्या तुटीवर एक निवेदन काढलं. सराव भरपूर आणि जेवण अपुरं असं सतत राहिलं तर पाळी बंद होते, हाडं ठिसूळ होतात, वारंवार आजारपण येतं, वेगही घटतो. परदेशात ही तूट बारीक दिसण्याच्या हट्टातूनही येते. आपल्या पाड्यावर ती ताटातूनच येते. आणि मुलीची पाळी चुकली की 'सरावामुळे होतं तसं' म्हणून सोडून देतात. तसं सोडून द्यायचं नसतं. दोन-तीन महिने पाळी आली नाही, तर डॉक्टरांना दाखवायचं.

मग ताटात काय हवं

आता कामाचं बोलू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार १६ ते १८ वयाच्या मुलाला दिवसाला सुमारे ३,३०० कॅलरी आणि ५५ ग्रॅम प्रथिनं लागतात, मुलीला २,५०० कॅलरी आणि ४६ ग्रॅम. हा साध्या मुलांचा हिशोब, जोरात सराव करणाऱ्याला याहून जास्त.

तीन नागलीच्या भाकरी म्हणजे साधारण २०० ग्रॅम पीठ. त्यातून ७०० मिलिग्रॅमच्या पुढे कॅल्शियम मिळतं, पण प्रथिनं मिळतात चौदाच ग्रॅम. म्हणून नुसती नागली पुरत नाही. पन्नास ग्रॅम उडीद किंवा तूर घातली की अकरा-बारा ग्रॅम वाढतात. दोन अंड्यांचे बारा-तेरा. मूठभर शेंगदाण्यांचे सात. अंडी नसतील त्या दिवशी सुकट. झाली की बेरीज. यातली प्रत्येक वस्तू जव्हारच्या बाजारात मिळते, आणि पावडरच्या एका डब्याच्या पैशात यातलं कितीतरी येतं.

कॅलरींचं गणित वेगळं आहे. नुसत्या भाकरीवर ३,३०० चा आकडा गाठायचा तर किलोभर पीठ खावं लागेल, ते कुणालाच जमणार नाही. म्हणून तेलबिया. खुरासणीची चटणी आजी करायची ती चवीपुरती नव्हती. कमी घासात जास्त जोर मिळायचा.

भात वाईट नाही, हेही सांगतो. धावणाऱ्याला भात हवाच. भाताबरोबर डाळ हवी, आणि दिवसातलं एक जेवण नागलीचं हवं.

पहाटे उपाशीपोटी कोरा चहा पिऊन धावायला जाणं बंद करा. निघण्याआधी थोडी पेज किंवा एक केळं, आणि आल्यावर तासाभरात पोटभर न्याहारी. चहा जेवणाबरोबर घेऊ नका, त्याने लोह अंगी लागत नाही. उलट लिंबू, आवळा, चिंच ताटात असली तर लोह जास्त शोषलं जातं. हे मुलींनी जास्त लक्षात ठेवायचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्ताची कमतरता आढळली. रक्त कमी असेल तर कितीही चांगला प्रशिक्षक असला तरी शेवटच्या फेरीत पाय उचलत नाहीत. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि शाळेत मिळणारी लोहाची गोळी कचऱ्यात टाकू नका.

नागली आंबवून केलेली आंबील उन्हाळ्यात उत्तम. आंबवल्याने त्यातला लोह-कॅल्शियम अडवणारा भाग कमी होतो. आजीला हे कारण ठाऊक नसेल, कृती ठाऊक होती.

झोप आठ तास. रात्री मोबाइल लांब. पाच रुपयांची कुरकुरीत पाकिटं सरावानंतरचं जेवण होऊ शकत नाहीत. मशेरी आणि गुटखा हा धावपटूचा सरळ तोटा आहे.

शेवटी मागणी एवढीच

मघाशी म्हटलं होतं की जुन्या ताटात धान्य चांगलं होतं, पण ते बारा महिने पुरत नव्हतं. आज उलटं झालंय. धान्य बारा महिने मिळतं, पण ते चांगलं ताट नाही. दोन्हीतलं चांगलं एकत्र आणणं हे काही अवघड काम नाही. रेशनच्या दुकानात नागली यावी, ती इथल्याच शेतकऱ्याकडून विकत घ्यावी. नववी-दहावीपर्यंत शाळेत जेवण मिळावं. मे महिन्याच्या सुट्टीत आणि भट्टीच्या दिवसांत निवड झालेल्या खेळाडूंच्या जेवणाची सोय असावी. कोल्हापुरात शंभर वर्षांपूर्वी पैलवानासाठी जे सुचलं, ते जव्हारच्या धावणाऱ्या मुलीसाठी का सुचू नये?

हा भाग ऐकणाऱ्यांत या भागातले क्रीडाशिक्षक, अधीक्षक, पालक असतील तर एक काम करा. तुमच्या संघातल्या मुलांना विचारा, काल दिवसभरात काय खाल्लं? लिहून काढा. वेळेची नोंद करता तशीच ही नोंद करा. महिनाभराची वही झाली की मागणी करायला तुमच्या हातात कागद असेल.

पुढच्या भागात याच पट्ट्यातल्या बोहाड्याच्या मुखवट्यांबद्दल बोलू. तोवर नमस्कार.